यादी आधी कोण वाचतं

स्लाइड पहिली : करुणा म्हणजे ऐकणं

"डोळे मिटा," प्रशिक्षक म्हणाले, "आणि मनात एक फूल आणा."

चौथ्या मजल्यावरच्या सभागृहात बावीस जणांनी डोळे मिटले. तेविसाव्या होत्या माहिती कक्षाच्या मोठ्या बाई, त्यांनी मिटले नाहीत. फूल आणायला त्यांची ना नव्हती. पण भिंतीवरच्या घड्याळात साडेसात वाजले होते, आणि साडेसातला त्यांच्या हातात यादी असायची. गेले एक्केचाळीस दिवस असायची. आज हातात एक गुळगुळीत पुस्तिका होती आणि तिच्यावर एकमेकांना धरलेले दोन हात छापले होते. कुणी कुणाला शिवायचं नाही असा देशभर हुकूम सुटलेला असताना हे चित्र! छापणाऱ्याच्या छातीला दाद द्यायला हवी.

यादी कसली, ते आधी सांगायला हवं.

हॉस्पिटल नऊशे खाटांचं. साथ आल्यावर त्यात चौदाशे झाल्या, कारण खाट म्हणजे काय याची व्याख्या साथीने बदलून टाकली. नातेवाइकांना फाटकाच्या आत पाऊल टाकायला बंदी. आपलं माणूस रुग्णवाहिकेत चढवायचं, दार बंद होताना त्याची चप्पल तेवढी दिसायची, आणि मग घरी जाऊन फोन लावायचा. तो फोन तळमजल्यावर वाजायचा, जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या खोलीत. तिथे आठ फोन आणि आठ बाया. फोन करणारा वॉर्ड आणि खाट सांगायचा. बाई समोरच्या यादीत बोट फिरवायची आणि तीनपैकी एक वाक्य म्हणायची.

प्रकृती स्थिर आहे.

प्रकृती गंभीर आहे.

वॉर्डाशी संपर्क साधा.

चौथं वाक्य नव्हतं. ते म्हणायला मनाई होती, कारण ते डॉक्टरांनीच म्हणायचं आणि डॉक्टरांना वेळ नव्हता. तिसऱ्या वाक्याचा अर्थ पहिल्या आठवड्यात फोन करणाऱ्या कुणालाच कळत नव्हता. दुसऱ्या आठवड्यात तो अख्ख्या शहराला कळला. "वॉर्डाशी" म्हणेपर्यंतच पलीकडून रडणं सुरू व्हायचं, "संपर्क साधा" हे दोन शब्द कुणाच्या कानावर पडायचेच नाहीत. तरी ते म्हणायचे. नियम होता. फोन रेकॉर्ड होत होते.

"आता सांगा," प्रशिक्षकांनी डोळे उघडायला लावले, "तुमच्या हाताखालच्या माणसांचं तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत? मनापासून?"

प्रशिक्षकांचा आवाज इतका मऊ होता, की हा माणूस भाजी घेतानासुद्धा असाच बोलत असेल का, असा प्रश्न पडावा. त्यांचा फोटो काल सूचनाफलकावर लागला, तेव्हाच मावशीने नाव ठेवलं होतं, मधाचं बोट. "बघा, आपल्याला आता मधाचं बोट लावणार. हातमोजे मागितले होते, आला मध."

हातमोजे मागून सोळा दिवस झाले होते.

स्लाइड दुसरी : करुणा म्हणजे विश्वास

मावशी म्हणजे आठजणींत वयाने थोरली. निवृत्तीला सात महिने उरलेले, आणि जीभ अशी की मोठमोठे डॉक्टर तिला वळसा घालून जायचे. पहिल्या आठवड्यात तिचंच झालं. कुणा परक्याची खाट शोधता शोधता तिचं बोट धाकट्या बहिणीच्या नवऱ्याच्या ओळीवर आलं. वॉर्डाशी संपर्क साधा. मावशीने हातातला फोन पुरा केला. पुढचे तीन पुरे केले. मग उठली, आणि तिला दार सापडेना. एकतीस वर्षं ज्या दारातून ये-जा केली ते दार. भिंत चाचपत राहिली.

त्याच दिवशी मोठ्या बाईंनी सगळ्यांना जिन्याखालच्या कोठीत बोलावलं. मोडक्या व्हीलचेअर ठेवायची खोली ती. एका स्टुलावर पाण्याचा तांब्या ठेवून त्या म्हणाल्या, "आजपासून तुमच्या घरच्या माणसाचं तुम्हाला फोनवर कळणार नाही. मी सांगेन, इथे आणून. तुमचं कोण कुठल्या खाटेवर आहे, ते मला लिहून द्या."

"आणि तुमचं, बाई?" वकिलाने विचारलं. वकील म्हणजे पाचव्या फोनवरची. शिकली होती बारावीपर्यंत, पण जेवणाच्या सुट्टीवरूनसुद्धा कलम काढायची.

"माझं कुणी आत नाही."

"हळू बोला," मावशी म्हणाली, "वरच्याच्या कानावर जाईल."

त्या आठवड्यातलं ते पहिलं हसू. लगेच विझलं, पण होतं.

तेव्हापासून रिवाज पडला. यादी वॉर्डातून निघायची सकाळी सहाला. उपप्रशासक साहेबांची सही व्हायची साडेसातला, कारण साहेब साडेसातला यायचे. मोठ्या बाई त्यांच्या केबिनबाहेर उभ्या. कागद हातात पडला की तिथेच बोळात, खिडकीच्या उजेडात, खिशातल्या पुठ्ठ्याच्या तुकड्याशी ताडून बघायच्या. पुठ्ठ्यावर आठ बायांची माणसं, कालपर्यंत अकरा उरलेली. वाचायला बारा मिनिटं लागायची. चष्मा लावून, बोट ठेवून, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर.

मग खोलीत यायच्या. हातात यादी असली तर, "चला, फोन उचला." आज कुणाचं काही नाही. रिकाम्या हाताने आल्या, तर कुणाचं तरी. मग कुणीही कुणाकडे बघायचं नाही. त्या सरळ एकीच्या खुर्चीपाशी जायच्या, तिच्या दंडाला धरून कोठीत न्यायच्या, आणि बाकीच्या सातजणी तोवर फोन वाजू द्यायच्या. एक्केचाळीस दिवसांत तीनदा त्या रिकाम्या हाताने आल्या होत्या.

सगळ्यात धाकटी बसायची आठव्या फोनवर. लग्न ठरलेलं, ते साथीने लांबणीवर टाकलेलं. तिचे बाबा सातव्या वॉर्डात, चौदा नंबरला. आठहीजणींना घरी जायला बंदी होती, झोपायला नर्सेसच्या वसतिगृहात. कामावर बसताना मोबाइल कपाटात जमा. धाकटीने आईला बजावलं होतं, "तू फोन करत बसू नकोस. तीनशे लोकांच्या रांगेत लागशील. बाबांचं मीच कळवीन." सकाळी बाकीच्या दाराकडे बघायच्या. धाकटी दाराकडे बघायचीच नाही. ती बघायची ती मोठ्या बाईंच्या हातांकडे.

काल संध्याकाळी साहेबांचा फोन आला होता. "बाई, उद्या साडेसातला प्रशिक्षण आहे. सगळ्या विभागप्रमुखांना सक्तीचं."

"साहेब, यादी?"

"यादीची काळजी करू नका."

मोठ्या बाईंना वाटलं, यादी थांबवतील. मोठ्या माणसाने काळजी करू नका म्हटलं की माणूस काळजी सोडतो. हीच तर चूक.

"आता मी तुम्हाला आपल्याच संस्थेतलं एक सुंदर उदाहरण देतो," प्रशिक्षक म्हणत होते. घड्याळात सात बावन्न. "फाटकाबाहेर हजारो नातेवाईक वाट बघताहेत. आणि माहिती कक्षात रोज बारा मिनिटांचा विलंब होत होता. विनाकारण! आपल्या उपप्रशासकांनी काय केलं? त्या नातेवाइकांच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं. आणि आज साडेसातपासून यादी सही होताक्षणी थेट माहिती कक्षातल्या नव्या संगणकांच्या पडद्यांवर जाते आहे. याला मी म्हणतो..."

याला ते काय म्हणतात, ते मोठ्या बाईंनी ऐकलं नाही. त्यांची खुर्ची मागे पडली.

"बाई, आपण आत्ताच तिसऱ्या भागाकडे..."

लिफ्ट फक्त रुग्णांसाठी. छप्पन्न वर्षांच्या बाई चार मजले जिन्याने धावत उतरल्या. एका हातात पुस्तिका तशीच होती, घामाने तिच्यावरचे दोन हात बोटांना चिकटले होते.

फोन नंबर आठ, सात वाजून एक्केचाळीस मिनिटं

(गुणवत्तेसाठी रेकॉर्ड होणाऱ्या संभाषणातून, आहे तसं.)

– नमस्कार, माहिती कक्ष. वॉर्ड आणि खाट सांगा.

– सात... सातवा वॉर्ड हो. चौदा नंबर.

– वॉर्डाशी संपर्क साधा.

– काय म्हणालात?

– वॉर्डाशी संप...

(चार सेकंद.)

– बाई, ऐकू येतंय का? अहो, माझी मुलगी तिथेच कामाला आहे. तिला जरा बोलवता का? तिला माहीत असेल. ती म्हणाली होती फोन करू नकोस, पण मला रात्रभर...

– आई.

(सहा सेकंद.)

– तू आहेस होय.

(सत्तावीस सेकंद. मागे सात फोन वाजताना ऐकू येतात. कुणीतरी म्हणतं, "अगं, काय झालं?" खुर्ची सरकल्याचा आवाज.)

(एकूण एक मिनिट सात सेकंद. फोन ठेवला गेला नाही.)

कोठी

आईचा आवाज पोरीला ओळखू आला नाही का, असं कुणी विचारील. विचारणाऱ्याने एकदा तोंडाला दोन पदरी मास्क बांधून, खरखरत्या लाइनवर, दिवसाला तीनशे रडवेले आवाज ऐकून बघावेत. शेवटी सगळ्यांच्या आया सारख्याच बोलतात.

आणि खाटेचा नंबर? सात-चौदा? तो तरी?

ते धाकटीनेच सांगितलं, मोडक्या व्हीलचेअरमध्ये बसून. तांब्यातलं पाणी तिने प्यायलं नाही, नुसता तांब्या मांडीवर धरला.

"यादी आली होती ना, बाई," ती म्हणाली. "पडद्यावर यादी आली. म्हणजे तुम्ही वाचली असणार. म्हणजे तिच्यात माझं काही नाही. म्हणून मी... मी बघतच नव्हते. नुसती वाचत होते."

मोठ्या बाई उभ्याच राहिल्या. त्यांच्याकडे तीनदा सांगितलेलं एक वाक्य होतं, असल्या वेळचं. ते सांगायला आता काही उरलं नव्हतं. पोरीने ते स्वतःच्या तोंडाने, सरकारी आवाजात, आपल्या आईला सांगून टाकलं होतं. आणि का? तर तिचा बाईंवर विश्वास होता. विश्वास नसता तर ती रोज भीत भीत वाचत राहिली असती, सात-चौदा म्हटल्याबरोबर हात आखडला असता, शेजारणीकडे फोन दिला असता. बाईंनी तिची भीती काढून घेतली होती, आणि कुणीतरी न विचारता बाईंना काढून घेतलं होतं.

"मला काल सांगायला हवं होतं तुम्हाला," एवढंच त्या म्हणाल्या. "सकाळी मी नसणार, हे."

"तुम्ही कुठे होतात?"

खरं सांगणं भाग होतं. "वर. मनात फूल आणत होते."

धाकटीला ते कळलं नाही. बरंच झालं.

स्लाइड चौथी : करुणा म्हणजे कृती

दुपारी साहेबांनी बोलावलं. केबिनमध्ये प्रशिक्षकही होते, पुढच्या गाडीची वाट बघत. टेबलावर दोन कागद. एक प्रमाणपत्र, त्यावर बाईंच्या नावापुढे "अपूर्ण" असा शिक्का. दुसरा टंकलेला, सहीची जागा रिकामी ठेवलेला.

साहेब वाईट माणूस नव्हते, हेही सांगून टाकायला हवं, नाहीतर गोष्ट फार सोपी होते. डोळे लाल. पुढ्यातल्या चहावर साय धरलेली. ते सोळा सोळा तास राबत होते. फक्त ते जिथे राबत होते तिथे फोन वाजत नव्हते. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचीही कंबर दुखतेच की.

"बसा, बाई. झालं ते फार वाईट झालं. पण नियम नियम आहे. आठ नंबरवरच्या मुलीने ठरलेल्या तीन वाक्यांबाहेर शब्द उच्चारला. फोन उघडा टाकून जागा सोडली. अठ्ठेचाळीस फोन त्या वेळात सुटले. तिला कमी करावं लागेल. वरिष्ठ म्हणून तुमची सही."

"शब्द कुठला उच्चारला, साहेब?"

"ते अहवालात आहे."

"अहवालात 'नियमबाह्य शब्द' असं आहे. शब्द कुठला, ते लिहिलेलं नाही."

साहेबांनी चहाचा कप सरकवला. "बाई, मी तुमच्या भावना समजतो. पण बाहेर उभ्या माणसाचा विचार करा. त्याने तुमच्या बारा मिनिटांसाठी का थांबायचं?"

प्रश्न खोटा नव्हता. मोठ्या बाईंनी तो एक्केचाळीस दिवस स्वतःला विचारला होता, बोळातल्या खिडकीपाशी, बोट खालून वर नेताना.

"नकोच थांबायला त्याने," त्या म्हणाल्या. "यादी वॉर्डात कधी तयार होते?"

"सहाला."

"तुमची सही कधी होते?"

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ बाहीखाली सरकवलं.

"नव्वद मिनिटं यादी टेबलावर पडून असते. त्यांना तुमच्या कागदावर म्हणतात प्रक्रिया. माझ्या बारा मिनिटांना म्हणतात विलंब. तुम्ही पावणेसातला आलात, तर माझी बारा धरूनही तो बाहेरचा माणूस अर्धा तास आधी सुटेल. पण पडदे विकत घेणं सोपं. लवकर उठणं अवघड."

"बाई!"

"चोर सोडून संन्याशाला फाशी, साहेब. आणि तीही बाप गेला त्या दिवशी."

प्रशिक्षक पुढे वाकले. आवाज तोच, लोण्यासारखा. "तुम्ही खूप रागात आहात, ताई. राग साहजिक आहे. आपण सगळे मिळून आधी एक खोल श्वास घेऊ या का?"

मोठ्या बाई त्यांच्याकडे वळल्या. इतका वेळ त्यांनी त्या माणसाला काही म्हणायचं नाही असं ठरवलं होतं. बिचारा पाहुणा. पण काही वाक्यं आपोआप येतात.

"श्वासच घेता येत नाही म्हणून माणसं इथे येतात, सर."

मग त्यांनी साहेबांच्या टेबलावरचा फोन पुढे ओढला. पंचवीस वर्षं त्या या हॉस्पिटलच्या एक्स्चेंजवर बसलेल्या. कुठला नंबर दाबला की कुठलं रेकॉर्डिंग निघतं, हे त्यांच्या बोटांना पाठ. त्यांनी स्पीकर लावला.

"मला ऐकायची गरज नाही," साहेब म्हणाले.

"एक मिनिट सात सेकंदांचं आहे. फुलाला आम्ही दोन मिनिटं दिली."

केबिनमध्ये ते सगळं वाजलं. सात-चौदा. वॉर्डाशी संपर्क साधा. आई. तू आहेस होय. मग सत्तावीस सेकंद, मागे वाजणारे फोन. प्रशिक्षकांनी खिडकीबाहेर बघितलं. साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट उचलला, परत ठेवला, परत उचलला.

"हा शब्द," मोठ्या बाई म्हणाल्या. "अहवालात लिहा. नियमबाह्य शब्द, कंसात 'आई'. मग मी सही करते."

त्यांनी तो रिकाम्या सहीचा कागद घडी करून खिशात घातला, पुठ्ठ्याच्या शेजारी.

"सही नाही केलीत तर ठपका तुमच्यावर येईल," साहेब मागून म्हणाले. धमकीपेक्षा दमल्यासारखेच.

"येऊ दे. मला दार माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी, साडेसात

साहेबांच्या केबिनबाहेर मोठ्या बाई रोजच्यासारख्या उभ्या राहिल्या. फायलीसाठी यादीचा कागद अजून छापला जात होता, शिपायाने तो न बोलता त्यांच्या हातात ठेवला. त्या बोळातल्या खिडकीकडे गेल्या. साहेब त्यांच्याकडे न बघता तडक जिना उतरून गेले, कारण माहिती कक्षातून एकही फोन उचलला जात नाही, अशी तक्रार वर आली होती.

मोठ्या बाईंनी घाई केली नाही. वरून खाली. खालून वर. पुठ्ठ्यावर आता दहा माणसं उरली होती. सात-चौदावर त्यांनी रेघ मारली नव्हती, पण बोट तिथे आलं की थांबत होतं.

खाली काय चाललंय ते त्यांना जिन्यातूनच ऐकू आलं.

"पडदे भिंतीकडे कुणी फिरवले?" साहेब.

"पडदे लावायचे असा आदेश आहे," वकिलाचा आवाज. "लावलेत. तोंड कुठल्या बाजूला करायचं ते आदेशात नाही. मी दोनदा वाचला."

"फोन उचला! लोक ताटकळलेत!"

"बाई आल्या की उचलतो," मावशी. "नाहीतर तुम्हीच उचला की. यादीवर सही तुमचीच ना? तो बघा, आठ नंबर मोकळाच आहे. वाजतोय कधीचा."

मोठ्या बाई दारात पोचल्या तेव्हा त्यांच्या हातात यादी होती. सातजणींनी आधी हात पाहिले, मग श्वास सोडला. त्यांनी "चला, फोन उचला" म्हणायला तोंड उघडलं, आणि दिसलं, की आठ नंबर उचलला गेलाय. साहेबांनी रागारागाने उचलला होता. एका हाताने पडदा फिरवून ओळ शोधत होते.

"नमस्कार. माहिती कक्ष. हो. वॉर्ड आणि... हो. तीन. बावीस." बोट काचेवरून खाली आलं आणि थांबलं. "वॉर्डाशी संपर्क साधा."

पलीकडून काहीतरी आलं. मोठ्या बाईंना शब्द कळले नाहीत, पण आवाज म्हाताऱ्या पुरुषाचा होता, सावकाश बोलणारा. असे सगळ्यात वाईट. ते रडत नाहीत, विचारतात.

"म्हणजे... म्हणजे तसं नाही, आजोबा. तुम्ही वॉर्डाला... हो. हो, मला माहीत आहे तिथे फोन कुणी उचलत नाही." साहेब खुर्चीत बसले, धाकटीच्या. "नाही, मी डॉक्टर नाही. नाही हो, मी बघितलं नाही त्यांना. मी... मी फक्त सही करतो."

सातजणींनी आपापले फोन उचलले होते. खोलीत तीन वाक्यं पुन्हा सुरू झाली होती, आणि त्यांच्या मधोमध एक माणूस त्या तिन्हींच्या बाहेर चार मिनिटं बोलत होता. आजीला कधी आणलं होतं, ती काय म्हणत होती, चष्मा तिच्याजवळ होता का. फोनशेजारच्या डब्यावरचा लाल दिवा पेटलेला होता. रेकॉर्डिंग चालू होतं.

त्यांनी फोन ठेवला, तेव्हा मोठ्या बाईंनी खिशातला घडीचा कागद काढला आणि त्यांच्यासमोर उलगडून ठेवला. ठरलेल्या वाक्यांबाहेर शब्द उच्चारणे.

साहेबांनी कागद वाचला. स्वतःच टंकायला सांगितलेला, तरी नव्याने वाचला. मग चुरगळला, खिशात कोंबला, आणि पुन्हा वाजू लागलेल्या फोनकडे बघितलं.

"हे असं... रोज?"

"तुमचा एक झाला," मावशी रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाली. "दोनशे नव्व्याण्णव राहिले."

मोठ्या बाईंना त्या क्षणी त्यांचा अजिबात कळवळा आला नाही, हे खरं आहे. आला असता तर शोभलं असतं, पण आला नाही. तरी आपल्या खोलीतल्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला काय सांगायचं, हे त्यांच्या तोंडाला पाठ होतं.

"जिन्याखाली कोठी आहे," त्या म्हणाल्या. "तिथे पाणी आहे. जाऊन बसा. दार ओढून घ्या."

स्लाइड तिसरी : करुणा म्हणजे हजर असणं

ही स्लाइड मोठ्या बाईंनी पाहिलीच नाही. मथळा त्यांना पुढे पुस्तिकेत सापडला, घामाने चिकटलेली पानं सोडवताना.

धाकटीला कमी करण्याचा कागद पुन्हा कुणी पाहिला नाही. बाराव्या दिवशी ती परत आली आणि आठ नंबरवर बसली. कुणी तिला बस म्हटलं नाही, कुणी नको म्हटलं नाही. पहिले दोन दिवस कुणी सातवा वॉर्ड म्हणालं की वकील स्वतःचा फोन टाकून तिचा हातात घ्यायची.

साहेब अजूनही साडेसातलाच येतात. मोठ्या बाई तेव्हा केबिनबाहेर असतात. पडदे आता बाईंनी बटण दाबल्याशिवाय उजळत नाहीत, एवढं मात्र झालं, आणि कुणाच्या सांगण्यावरून झालं ते विचारायला त्या गेल्या नाहीत. रोजच्या अहवालात अजून एक ओळ असते. माहिती कक्ष, विलंब, बारा मिनिटं. सहा ते साडेसातची ओळ अजून कुठेही नाही. हातमोज्यांची मागणी अजून तपासली जात आहे.

"अपूर्ण" शिक्क्याचं ते प्रमाणपत्र मात्र लगेच आलं, जाड कागदाचं, सोनेरी किनारीचं. खाली बारीक अक्षरात शेरा : तिसऱ्या भागापासून गैरहजर.

मावशीने ते वसतिगृहाच्या फुटक्या खिडकीला लावलं. वारा यायचा तिथून.